उगमाकडे पाठवायचं राहिलेलं ठिगळ

आधी एक सुस्कारा ऐकू येतो, मग बारीक गुणगुण सुरू होते, आणि बघता बघता ती चढत जाऊन एका संथ, अखंड घरघरीत स्थिरावते. लॅपटॉपचा पंखा! सकाळचे नऊ वाजलेले असतात, हडपसरच्या आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीतून ऊन आत येऊन टेबलाच्या अर्ध्या भागावर पसरलेलं असतं, आणि तळहाताखालचं लाकूड उन्हाने आणि यंत्राने मिळून तापत जातं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी खालून वर धावत असतात. हजारो ओळी, ज्यांतली एकही कोणी वाचावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. मीही त्या वाचत नाही. मी त्या सगळ्या गर्दीत फक्त एका ओळीची वाट पाहत बसते.

तुम्ही म्हणाल, हा काय छंद? आमच्या सदाशिव पेठेतल्या माहेरी तर आता तेवढंही विचारत नाहीत, "अजून तेच का?" एवढंच म्हणतात, आणि त्या 'तेच'मध्ये माझं अर्धं आयुष्य गुंडाळून ठेवतात. तर 'तेच' म्हणजे काय, ते सांगते. दूर कुठल्या देशांत काही विद्वान माणसं एक प्रोग्राम लिहितात आणि तो साऱ्या जगाला खुला करतात. पुलाचा खांब, शेडचा सांगाडा, खुर्चीचा पाय, काहीही त्यात रेखाटावं, त्यावर भार ठेवावा, आणि ती वस्तू कुठे वाकेल, कुठे तुटेल, हे ती प्रत्यक्षात न तोडता जाणून घ्यावं. पण लिहिलेला प्रोग्राम आणि चालणारा प्रोग्राम यांच्यामध्ये केवढं अंतर असतं! त्याला सोबतीला आणखी वीस-पंचवीस प्रोग्राम लागतात, तेही नेमक्या आवृत्तीचे, आणि त्यांतल्या प्रत्येकाची पुन्हा आपली नखरेल सोबत असते. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची अनेक वितरणं, म्हणजे निरनिराळ्या गटांनी जुळवलेले अवतार, आहेत. त्यांतल्या एका वितरणासाठी हे सारं जुळवायचं, तपासायचं, आणि त्याचं असं नेटकं पॅकेज बांधायचं की कोणीही एक आज्ञा टाइप केली की ते त्याच्या यंत्रावर सुखरूप उतरावं, हे माझं हौसेचं काम. नोकरी निराळी, तिच्याबद्दल लिहावं असं त्यात काही नाही.

मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आमच्या व्यवहारात जो शब्द आहे त्याचा अर्थ नदीच्या वरच्या अंगाचे लोक असा होतो. मी आपली त्यांना 'उगम' म्हणते. उगमाकडून आलेल्या प्रवाहात काही खोट दिसली, तर पॅकेज बांधणाऱ्याने आपलं एक ठिगळ लावायचं. पॅच म्हणतात त्याला. एवढीशी फाइल असते ती. तिच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहायची रीत आहे: हे कोणी केलं, कशासाठी केलं, आणि उगमाकडे पाठवलं का. यातली तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण ठिगळ आपल्यापाशी जपून ठेवायचं नसतं. ते वर पाठवायचं, उगमाने स्वीकारलं की पुढच्या आवृत्तीत ते मूळ वस्त्रातच विणलं जातं, सगळ्या वितरणांना आपोआप मिळतं, आणि मग आपण आपली फाइल पुसून टाकायची. माझ्या पॅकेजमध्ये एकच ठिगळ होतं. कोणी केलं, तर गायकवाड सरांनी. उगमाकडे पाठवलं का, तर 'अजून नाही'. हे 'अजून नाही' मी चार वर्षं तसंच ठेवलं.

गायकवाड सर वाघोलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवत. माझी-त्यांची ओळख तक्रारीतून झाली. पॅकेजमध्ये दोष आढळला की कळवायची एक ठरावीक, रुक्ष पद्धत आहे. लोक दोन ओळी खरडतात आणि मोकळे होतात. सरांची तक्रार 'सप्रेम नमस्कार' ने सुरू झाली होती आणि 'कळावे, लोभ असावा' ने संपली होती! मध्ये त्यांनी शांतपणे लिहिलं होतं की त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक मीटर लांबीची पोलादी तुळई या प्रोग्रामात ठेवली असता ती केवळ स्वतःच्या वजनाने चंद्राच्याही पलीकडे वाकली, आणि प्रोग्रामने त्याबद्दल काहीही खंत व्यक्त केली नाही.

दोष प्रोग्रामचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. या प्रोग्रामला मीटर कळत नाही, मिलिमीटर कळत नाही, किलो कळत नाही. त्याला नुसते आकडे कळतात. मुलांनी लांबी लिहिली मिलिमीटरमध्ये आणि पोलादाची घनता उचलली पाठ्यपुस्तकातून, जिथे ती मीटरच्या हिशेबाने दिलेली असते. त्यावर कळस असा, की निकालाचं रंगीत चित्र दाखवताना प्रोग्राम ते स्वतःच मापात बसवून घेतो. त्यामुळे चंद्रापलीकडे गेलेली तुळईसुद्धा पडद्यावर छान, किंचित लवलेली, लाल-पिवळ्या-निळ्या छटांची अशी साजरी दिसते! कोणाला संशय यावा? मुलं ते चित्र छापतात, अहवालात चिकटवतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात.

मग यावर काही उपाय शोधायला म्हणून दर शनिवारी सकाळी मी स्कूटर काढून मुंढवा, खराडी ओलांडून नगर रस्त्याला लागायची आणि वाघोलीला पोचायची. कॉलेजची प्रयोगशाळा शनिवारी रिकामी असे. त्या जुन्या यंत्रांवर पॅकेज बांधायला चाळीस मिनिटं लागत, आणि ती चाळीस मिनिटं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून पंख्याची घरघर ऐकत असू. नुसते बसतील तर ते सर कसले? पाठकोरा कागद पुढे ओढून, पेन्सिलीला टोक काढून, यंत्र जे गणित सोडवत असे तेच ते हाताने सोडवायला घेत. "बघू या, आधी कोण पोचतंय," म्हणत. यंत्र नेहमी जिंकायचं, आणि तरीही त्यांचा कागद पूर्ण होईपर्यंत ते यंत्राचं उत्तर बघत नसत. एकदा मी चिडवलं, की सर, एवढा अविश्वास बरा नव्हे. त्यावर ते हसले. "अहो, अविश्वास कसला? आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात एकच शिकवण. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपण पडताळून बघायचं. मग सांगणारं यंत्र असलं म्हणून काय झालं!"

त्या शनिवारांचा वास अजून माझ्या नाकात आहे. तापलेल्या यंत्रांचा, पेन्सिलीच्या ताज्या ढलप्यांचा, कॅन्टीनमधून आलेल्या, आलं जरा जास्तच घातलेल्या चहाचा. माणसाला आपलं सुख त्या त्या वेळी ओळखू का येत नसावं? मला तेव्हा वाटायचं, ही यंत्रं केवढी मंद, चाळीस मिनिटं फुकट जातात. आता माझ्या लॅपटॉपवर तेच काम आठ मिनिटांत उरकतं, आणि मी त्या चाळीस मिनिटांसाठी झुरते.

तर त्या शनिवारांतच ते ठिगळ तयार झालं. कल्पना सरांची, गणित सरांचं, कोडही बहुतेक त्यांचंच. मी फक्त टाके घातले. घनता, लांबी आणि स्थितिस्थापकता यांचे आकडे एकमेकांशी सुसंगत दिसत नसतील, तर प्रोग्रामने उत्तराआधी एक ओळ दाखवायची, एवढंच ते ठिगळ. ती ओळ काय असावी यावर मात्र आमचा सबंध एक शनिवार गेला. मी पडले सदाशिव पेठेतली. मी लिहिलं: 'एककं चुकली आहेत. तपासा.' सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "चुकली आहेत असं कशाला म्हणायचं? एखाद्याची बरोबरही असतील. आणि चुकली असली तरी, अहो, पोरगं घाबरेल. घाबरलेलं पोरगं विचार करत नाही, नुसते आकडे बदलत बसतं." मग त्यांनी स्वतः, त्यांच्या त्या पत्रलेखनी इंग्रजीत, एक वाक्य घडवलं. मराठीत सांगायचं तर असं: 'उत्तर तयार आहे, तरी कृपया एककं एकदा पडताळून घ्यावीत.' मी म्हटलं, सर, हे काय लग्नाचं निमंत्रण आहे का? ते म्हणाले, "असू दे. निमंत्रणच आहे. विचार करायचं."

पॅकेज बांधताना त्याच्या चाचण्याही चालतात, आणि त्यांत आम्ही मुद्दाम एक चुकीच्या एककांची तुळई ठेवली होती, ठिगळ नीट काम करतं की नाही हे पाहायला. म्हणून दर वेळी पॅकेज बांधलं की त्या हजारो ओळींच्या गर्दीतून ही एक ओळ वर सरकत जायची. चाळीसातल्या तेहतिसाव्या-चौतिसाव्या मिनिटाला. ती दिसली की सर पेन्सिल खाली ठेवून समाधानाने मान डोलवत.

"हे आपल्यापुरतं ठेवू नका हं, वर पाठवा," ते म्हणाले होते. मी पाठवते म्हटलं. आधी म्हटलं, जरा नीटनेटकं करू. मग नोकरीत गडबड होती. मग सर आजारी पडले. मधल्या काळात एकदा त्यांनी फोनवर विचारलंही, "अहो, लोणचं घातलंत की काय त्याचं?" आणि मी नुसती हसले.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, वाघोलीच्या त्या लहानशा, टापटीप फ्लॅटमध्ये. खिडकीशी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे पांढरी फुलं, आणि पलंगावर सर, इतके कृश की उशीसुद्धा फारशी दबलेली नव्हती. मंगलताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला खूण केली की फार बोलायला लावू नका. पण सरच बोलले. "ते पाठवलंत का वर?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो सर, पाठवलं." "काय म्हणाले?" "अजून उत्तर नाही आलं." त्यांनी मान डोलवली, अगदी ती ओळ दिसल्यावर डोलवत तशीच, आणि डोळे मिटले. मी मनाशी म्हटलं, आज घरी गेल्यावर पाठवायचं आणि खोट्याचं खरं करून टाकायचं. त्या दिवशी घरी गेल्यावर मला ते जमलं नाही. पाचव्या दिवशी सर गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचे किती विद्यार्थी आले होते! एकामागून एक उठून सरांबद्दल बोलत होते. मलाही बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि दोन वाक्यांत बसले, कारण त्यापुढे बोलले असते तर खरं बोलावं लागलं असतं.

आणि मग का नाही पाठवलं? तुम्हाला सांगायला हरकत नाही. इतरांना मी 'वेळ नाही' असंच सांगितलं. पाठवलं आणि त्यांनी स्वीकारलं, तर माझ्याकडची ती फाइल पुसावी लागणार होती. सरांचं नाव माथ्यावर असलेली, त्यांचं ते 'कृपया' पोटात असलेली फाइल. उगमाच्या लाखो ओळींत ती विरघळून गेली असती. शिवाय तिकडचे लोक भाषेला कात्री लावणार, हेही मला पक्कं माहीत होतं. दर नव्या आवृत्तीला आजूबाजूच्या ओळी सरकतात आणि जुनं ठिगळ बसेनासं होतं. ते पुन्हा उसवून, नव्या कापडावर मोजून, नव्याने बसवावं लागतं. चार वर्षं मी ते करत आले. त्यात एक सबंध सकाळ जायची, आणि त्या सकाळी मला वाटायचं की सर शेजारी बसलेत. एरवी कटकटीचं म्हणून सगळे टाळतात ते काम मी दिवाळीच्या फराळासारखं उत्साहाने करत होते! गेलेल्या माणसाची इच्छा जपायची सोडून मी त्याच्या सोबतीची सवय जपत होते, हे कळायला मला फार वेळ लागला.

कळलं ते प्राजक्ताच्या फोनमुळे. प्राजक्ता ही सरांची विद्यार्थिनी. आता त्याच कॉलेजात शिकवते, त्यांच्याच खोलीत बसते. प्रयोगशाळेत मागच्या वर्षी नवी यंत्रं आली, आणि ती दुसऱ्या एका वितरणाची आली, ज्यावर माझं पॅकेज चालत नाही. "मॅडम, एक विचारू? सेम फाइल आहे, सेम बीम आहे. माझ्या घरच्या मशिनवर तुमचं पॅकेज आहे, तिथे वॉर्निंग येते. लॅबमध्ये येतच नाही. असं कसं?" ती बोलतच राहिली. चार मुलींनी वर्षभर खपून पार्किंगच्या शेडचा प्रकल्प केला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल उघडला, आकडा बघितला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "शेड पुण्यात बांधायचीय की चंद्रावर?" वर्ग हसला. त्यांतली एक मुलगी तेव्हापासून कॉलेजलाच येत नाही. "सर असते तर असं झालं नसतं हो," प्राजक्ता म्हणाली. "पण सरांनी तर ते सगळ्यांसाठी पाठवलं होतं ना? ते शेवटी मला सांगत होते, तुम्ही पाठवलंय म्हणून."

शेवटी शेवटी ते तिला सांगत होते! माझं खोटं त्यांनी, आयुष्यात एकदाच, न पडताळता मानलं होतं.

मी तिला सांगितलं. म्हटलं, "नाही गं. सरांनी सांगितलं होतं, मी पाठवलं नाही." मग ती एवढंच म्हणाली, "ओके मॅडम. मग आता पाठवाल?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला अतोनात शरम वाटली.

त्याच दिवशी दुपारी मी बसले. ठिगळ शेवटचं एकदा नीट केलं, उगमाच्या ताज्या आवृत्तीवर बसवलं, आणि सोबत पत्र लिहिलं. हे मी केलेलं नाही, नाव यांचंच राहू द्यावं, शंकांना उत्तर द्यायला ते आता नाहीत, मी देईन. सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' चं जमेल तसं भाषांतर घातलं आणि पाठवायचं बटण दाबलं. पाठवल्यावर तासभर मी ते घर, ती गॅलरी, ते टेबल सोडून उगाचच खाली सोसायटीत चकरा मारत राहिले.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. फार भल्या माणसाचं उत्तर होतं. गणिताची त्याने तोंडभरून स्तुती केली होती. इतकी वर्षं आम्हाला हे कसं सुचलं नाही, असं लिहिलं होतं. सरांचं नाव कर्त्यांच्या यादीत घातलं होतं, जिथून ते आता कधी पुसलं जाणार नाही. एकच बदल. सूचना फार लांब आहे, ती आखूड केली आहे, हरकत नसावी. आणि खाली त्याने केलेली नवी ओळ. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. मराठीत ती अशी होते: 'एककं जुळत नाहीत. तपासा.'

जवळजवळ अक्षरशः माझीच ओळ! त्या शनिवारी सरांनी चष्मा कपाळावर चढवून खोडलेली.

काय करावं? भांडता आलं असतं. 'कृपया' परत घाला म्हणून मी आणखी एक पत्र लिहायला घेतलंही होतं. मग त्या न येणाऱ्या मुलीची आठवण झाली आणि मी ते अर्धवट पत्र टाकून दिलं. हरकत नाही, असं कळवलं. नवी आवृत्ती निघाली. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवरही ती पोचली. प्राजक्ताने कळवलं की परवा पहिल्यांदा ती ओळ आली, तेव्हा त्या चौघींतल्या तिघी होत्या. एकीने पाठकोरा कागद काढून हाताने गणित करून बघितलं, आणि चौथीला फोन लावून "येतेस का गं उद्या?" असं विचारलं. ती आली की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी मी माझ्या पॅकेजमधली ती फाइल पुसली. आमच्याकडे बदलांची नोंदवही असते. तिच्यात रीतीप्रमाणे एक ओळ लिहिली, की ठिगळ काढलं, उगमाने स्वीकारलं. ठिगळांचा कप्पा रिकामा झाला. मग आज्ञा दिली आणि हात बाजूला घेऊन बसले.

सुस्कारा आला. गुणगुण आली. टेबल तापू लागलं. उन्हाची कड सरकत सरकत माझ्या मनगटापर्यंत आली होती, आणि ओळी धावत होत्या, हजारो, कोणी न वाचायच्या. सातव्या मिनिटाला ती आली. 'एककं जुळत नाहीत. तपासा.' आली आणि वर निघून गेली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सदाशिव पेठेच्या माझ्या जिभेने जन्मात कधी न वापरलेला तो एक शब्द मी मोठ्याने म्हटला, "कृपया." आणि पंखा थांबेपर्यंत बसून राहिले.